म्हशीच्या गोष्टीवर तीन फेऱ्या

माझी लेक आता पुण्याला कॉलेजात असते. पण जयपुरात थंडी पडली, विद्याधर नगरच्या आमच्या बागेत सकाळचं धुकं उतरलं, की मला ती सातवीतलीच दिसते. कानटोपी घातलेली, नाक लाल झालेलं, आणि माझ्यावर वैतागलेली.

त्या वर्षी तिच्या शाळेत नवे पी.टी. सर आले होते. आधीच्या सरांच्या तासाला चार चपळ मुलं खेळत आणि बाकीची कडुलिंबाखाली बसून बोरं खात. बाकीच्यांत आमची लेक. नव्या सरांनी सगळ्यांनाच पळायला लावलं. पालकसभेत मला म्हणाले, "फर्स्ट-सेकंड का कोई चक्कर नहीं है, साब. होली से पहले हर बच्चा ग्राउंड के तीन राउंड लगाएगा. धीरे दौड़े, पर रुके नहीं."

लेक दुसऱ्याच फेरीत चालायला लागायची. शेवटी येण्याचं तिला काही नव्हतं. सगळा वर्ग टाळ्या वाजवत तिच्यासाठी खोळंबायचा, ते तिला नको होतं.

"बाबा, त्या टाळ्या मतलब... बिचारी वाल्या असतात. मला एकदा तरी न थांबता पळायचंय."

"मग मी आहे ना!" मी म्हणालो. स्वयंपाकघरातून बायकोचं हसू ऐकू आलं. माझा तेव्हाचा व्यायाम म्हणजे बुटाची नाडी बांधणं, तीही सोफ्यावर बसून. पण सांगलीच्या आमच्या शाळेतल्या सरांची एक युक्ती माझ्या लक्षात होती. ते आम्हाला बोलत पळायला लावत. बोलता येतंय तोवर वेग बरोबर. शब्द तुटायला लागले की पाय आवर, पण थांबू नको.

तेव्हा ठरलं, पळता पळता मी गोष्ट सांगायची. गोष्ट अर्थातच म्हशीची. आमच्या शाळेच्या संचलनात, पाहुणे सलामी घेत असताना, एक म्हैस मैदानात शिरली आणि बँडच्या मागे शिस्तीत चालू लागली, ती. घरात ही गोष्ट इतक्यांदा झालीये की पाहुणे आले की बायकोच विचारते, "म्हैस चहाबरोबर सोडणार आहेस, की जेवणानंतर?"

पहिल्या सकाळी बागेत पळताना "आमचं मैदान कृष्णेच्या..." इथवर आलो आणि माझा श्वास संपला. काठापर्यंतसुद्धा पोचलो नाही. लेकीनं थोडा वेळ वाट पाहिली, मग तिच्या जयपुरी मराठीत स्वतःच पुढे नेली. "कृष्णेच्या काठावर होता. आणि मग म्हैस आला."

"आली."

"तू बोलू नकोस बाबा, पडशील."

मग रोज असंच. सुरुवात माझी, बाकी सगळं तिचं. बापाची ऐट दाखवायला मी वेग वाढवला की तिची वाक्यं तुटत आणि ती ओरडायची, "हळू रे! म्हैस अटकतेय!" होळी जवळ आली तोवर तिच्या गोष्टीत एका बँडवाल्याची झांज घरंगळत पाहुण्यांच्या खुर्चीखाली जाऊ लागली होती. ही झांज मी कधीच सांगितली नव्हती. आता मीही सांगतो.

शाळेत तीन फेऱ्या मारायच्या होत्या, त्या सकाळी मी मैदानाच्या कुंपणाबाहेर उभा होतो. दुसऱ्या फेरीला, नेहमीच्या कोपऱ्यावर, तिचे खांदे पडले. गेली, असं मी मनात म्हणालो. मग दिसलं, तिचे ओठ हलतायत. पाय रेंगाळले, पण ओठ हलत राहिले आणि पायही त्यांच्यामागून निघाले. तिसरी फेरी पुरी झाली तेव्हा टाळ्या वाजल्याच, पण या वेळी तिनं त्या हसून घेतल्या.

धापा टाकत ती कुंपणाशी आली.

"बाबा, गडबड झाली. राउंड संपले, पण म्हैस अजून मैदानातच आहे."

"मग आता?"

"आता काय? बाहेर काढायला नको?"

आणि वळली, पुन्हा पळू लागली. मी कुंपणाच्या बाहेरून तिच्या बरोबरीनं निघालो. फाटकापर्यंत टिकलो. पुढे ती एकटीच गेली.