दम लागणारी गाडी

मी जुनी हायब्रीड गाडी घेतली तेव्हा डिचोलीत जो भेटेल तो एकच विचारायचा, "चार्जिंगला कुठे लावता?" कुठेच लावत नाही, पेट्रोल भरते, चालता चालता तिची बॅटरी ती आपली भरून घेते, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. धाकट्या दिराला तर ते पटलंच नाही. गाडीभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "वयनी, अर्धी पेट्रोलची, अर्धी बॅटरीची. म्हणजे बिघडायला दोन जागा. आणि वर कुणीतरी वापरून टाकलेली."

"टाकलेली नाही, विकलेली," मी म्हटलं.

गाडी घेतली ती आईसाठी. ती पार्से गावात एकटी राहते, नारळ-काजूची थोडी बागायत स्वतः बघते. गेल्या वर्षी तिच्या एका डोळ्याच्या पडद्याला सूज आल्याचं निघालं. त्यावर महिन्याला एक इंजेक्शन, थेट डोळ्यात. म्हापशाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, खाडे झाले तर गेलेली नजर परत येणार नाही. आईला हे माहीत होतं. पण डोळ्यात सुई घ्यायची या कल्पनेनंच तिचा जीव जायचा, आणि न जाण्याची कारणं तिच्याकडे भरपूर होती. बसमध्ये धक्के. रिक्षात धूळ. टॅक्सीत परका माणूस आणि वर ओकारी. मी ही गाडी दारात आणली, तिला बसवलं आणि निघाले, तर अंगणाबाहेर पडेपर्यंत तिला कळलंच नाही.

"चालू जाली?"

"कधीच."

"आवाज नाय, वास नाय. हिच्यात मी येईन," ती म्हणाली. सुटले, असं मला वाटलं.

इंजेक्शननंतर दोन दिवस ती माझ्याकडे डिचोलीला राहायची, म्हणजे थेंब वेळेवर घातले जायचे. आणि लेकीच्या घरी हात हलवत कसं जायचं? आमच्याकडे मुलीच्या लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, म्हणजे गणपतीला, माहेरहून वजें जातं, फळं, नारळ, गोडधोड असं सगळं टोपल्यांतून. माझी ती चवथ होऊन जमाना झाला, माझी मुलगी आता नोकरीला लागली, पण आई दर खेपेला वजें असल्यासारखी गाडी भरते. नारळांचं पोतं, काजूबिया, आमसुलं, एखादा फणस. डिकीत मावलं नाही की मागच्या सीटवर. आणि सीटला डाग पडू नये म्हणून आधी तिची वाकळ, जुन्या लुगड्यांची, चांगली जाडजूड. ती अंथरायचं काम ती दुसऱ्या कुणाला करू देत नाही. गादीची खोळ घालावी तशा चारी कडा सीटच्या फटींत घट्ट खोचते. "आता कशी दिसता!" असं म्हणून वर एक थाप मारते.

पहिल्याच फेरीत धारगळच्या चढावर समोर पिवळा दिवा लागला आणि गाडीचा जोर गेला. एसी घरघरत होता, मी ॲक्सिलरेटर दाबत होते, गाडी बैलगाडीच्या गतीने चालली होती. कशाबशा पोचलो. डॉक्टर थांबले होते, म्हणून निभावलं.

"कसला दिवा तो?" आईने परत येताना विचारलं.

"बॅटरीचा. काहीतरी बिघडलंय."

"मगे सेल बदल." आईच्या लेखी बॅटरी म्हणजे रात्री परसात जाताना हातात घ्यायची ती.

आई पार्सेला परतल्यावर मी गाडी गॅरेजमध्ये नेली. अर्थात आधी आतून झाडून, पुसून. वाकळ आई बरोबर घेऊन गेलीच होती, नारळाच्या सोडणांचा भुगा मी काढला. दुसऱ्याच्या हातात घाणेरडी गाडी द्यायची नाही, ही मला लागलेली शिस्त. मेकॅनिक बेळगावकडचा, सावकाश बोलणारा. त्याने गाडी अस्नोड्यापर्यंत फिरवून आणली. "काही दिसत नाही हो ताई. हिच्यात दोन बॅटऱ्या असतात. एक बारकी, एक मोठी, मागच्या सीटखाली. बारकी जुनी झालीय, ती बदलू. मोठी गेली असेल तर मात्र..." पुढचा आकडा त्याने हलक्या आवाजात सांगितला. मी बारकी बदलली आणि मोठीचं नाव काढलं नाही.

पुढचा महिनाभर गाडीने डिचोलीत, मयेला, अगदी पणजीपर्यंत मला एकदाही त्रास दिला नाही. मी दिराला दोनदा टोमणा मारून घेतला. मग इंजेक्शनचा दिवस आला, आईला घेतलं, आणि कोलवाळचा पूल यायच्या आधी पुन्हा तोच पिवळा दिवा. या वेळी गाडी इतकी मंदावली की मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवायला लागले. मी बाजूला घेतली. मेकॅनिकला फोन केला, तर तो म्हणाला, "थंड होऊ द्या, मग हळूहळू घेऊन या." ती थंड होईपर्यंत डॉक्टरांची वेळ संपली. त्याआधी टॅक्सी बोलावते म्हटलं, तर आईला आठवणीनेच मळमळायला लागलं.

"देवाच्या मनात नाय गो बाय," ती म्हणाली. चेहरा मात्र असा, की देवाशी बोलणं करूनच निघाली होती. त्या रात्री माझ्याकडे तिने कधी नव्हे तो दुसऱ्यांदा भात घेतला.

मी डॉक्टरांना फोन केला. ते रागावले आणि पुढच्या आठवड्यातली वेळ दिली. "तीही चुकली तर माझ्या हातात काही उरणार नाही," म्हणाले. मेकॅनिकने गाडी पुन्हा पाहिली, रिकामी आणि स्वच्छ, आणि त्याला पुन्हा काही सापडलं नाही. दिराने एका ओळखीच्याचं नाव सुचवलं, जो गाडी आहे तशी विकत घेईल. मी म्हटलं, आईचं इंजेक्शन होऊ दे, मग बघू.

इंजेक्शनच्या दिवशी पार्सेला पोचले तर आई पदर खोचून उभी. मे महिना, घाम गळत होता. पोतं, फणस, वाकळ, सगळं तयार. शिवाय काजूच्या बोंडांचा ताजा रस, निरो, तोंडाला फडकं बांधलेल्या कळशीत.

"हा सांडणार," मी म्हटलं.

"मी मागे बसून धरतंय. तू गाडी सांभाळ."

नारळ एका बाजूला सरकवून, मांडीवर कळशी घेऊन ती पहिल्यांदाच मागे बसली. गाव संपेपर्यंत सगळं ठीक होतं. मग तिचा आवाज आला, "मागे घोरता कोण?"

"कोण घोरणार? आपण दोघीच आहोत."

"बंद कर तो रेडिओ. आयक."

मला काही ऐकू आलं नाही. आईची नजर अधू झाल्यापासून तिचे कान असे झालेत की शेजारच्या परसात नारळ पडला तरी तो कुठल्या झाडाचा ते सांगते. ती खाली वाकली. आरशात मला फक्त तिचा आंबाडा दिसत होता.

"पंखो आसा गो हंय. सीटच्या बाजूक. मोठ्यान फिरता. आणि माझी वाकळ आत ओढता!"

तेवढ्यात पिवळा दिवा लागला.

मी एका आंब्याखाली गाडी घेतली, बंद केली, चारही दारं उघडी टाकली. मागच्या सीटच्या कडेला, जिथे आईने वाकळ घट्ट खोचली होती, तिथे खाली एक छोटी जाळी होती. वाकळ ओढून काढली. जाळी सोडणाच्या भुशाने अर्धीअधिक भरली होती. मी सीट वरवर पुसायचे, त्या फटीत कधी डोकावलेच नव्हते. मोठी बॅटरी सीटखाली, तिला गार ठेवणारी हवा या जाळीतून आत जाणार, आणि आम्ही तिचं नाक दाबून, वर नारळ ठेवून, भर उन्हाळ्यात तिला चढ चढायला लावत होतो. गॅरेजमध्ये नेताना मात्र वाकळ नाही, नारळ नाहीत, उरलेल्या अर्ध्या नाकाने ती श्वास घ्यायची.

"काटा दे," मी म्हटलं. आईने आंबाड्यातला आकडा काढून दिला. मी भुसा उकरून काढला, वाकळ डिकीत टाकली, नारळ पायाशी ठेवले. काही वेळाने गाडी चालू केली. दिवा नाही.

आई कळशी धरून बघत होती. काय झालं ते तिच्या हळूहळू लक्षात येत होतं.

"म्हणजे ती बिघडली नाय?"

"नाही. तिला दम लागत होता. तुझ्या वाकळीने."

"म्हणजे आता बंद पडाची नाय?"

"नाही."

"कधीच?"

"या कारणाने तरी नाही."

तिने कळशीचं फडकं पुन्हा घट्ट बांधलं. मग म्हणाली, "पण आज उशीर जालो मगे."

"अजून वेळ आहे. बस."

धारगळचा चढ गाडी पान तरंगावं तशी चढली. कोलवाळचा पूल आला, गेला. म्हापशाला नर्सने डोळ्यात थेंब घातले आणि आम्हाला बाकावर बसवलं. समोरचं सगळं धूसर झाल्यावर आईने डोळे मिटून घेतले आणि भिंतीला डोकं टेकलं.

"मी गप्प बसले असते तर?" ती म्हणाली.

"तर आत्ता कोलवाळला असतो."

"तेंच म्हणतंय. माझ्याच कानांनी माझो घात केलो."

आतून तिच्या नावाची हाक आली. मी हात धरायला उठले, तर तिने तो झटकला.

"दार खंय आसा, तेवढां सांग."

"सरळ, मग उजवीकडे."

ती निघाली.