वरच्या जबड्यातली बाग

आळीत त्यांना सगळे कवळीकाका म्हणत. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडात घालायचे दात बनवले. पुढे डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आणि मागे जिन्याखालच्या खोलीत काका. सोबतीला एक घासायचं यंत्र, मेण वितळवायचा इवलासा दिवा आणि सगळ्यावर बसलेली प्लास्टरची पांढरी भुकटी. ती डोक्यावरही इतकी बसायची, की काकांचे केस खरे कधी पिकले ते काकूंनाही कळलं नाही.

पेशंट त्यांना कधी दिसत नसे. डॉक्टरीणबाई मऊ लगद्यात दात रुतवून माप घेत, डब्यावर नंबर टाकत आणि तो नंबर मागे येई. काका मापात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढत आणि त्यावर दात बसवत. तरीही चारचौघांत ते छाती फुगवून सांगत, की एक वेळ माणसाचा चेहरा विसरेन, जबडा विसरणार नाही. या फुशारकीचं पुढे काय झालं, ते आता काका स्वतःच सांगतात. कुणी विचारायची वाटही बघत नाहीत.

झालं असं, की मुलगी लग्न होऊन सासरी गेली, तिची पुस्तकंही गेली आणि बैठकीच्या खोलीतली लांबलचक फळी बोडकी झाली. त्या मोकळ्या भिंतीकडे बघून काकू म्हणायच्या, की घराचा पार दवाखान्याचा व्हरांडा झालाय, नुसती वाट बघत बसायची सोय. त्याच सुमारास दोघं व्याह्यांकडे जाऊन आली. तिथे टीपॉयवर काचेचं मोठं भांडं होतं. त्यात रंगीत खडे आणि खड्यांत गुबगुबीत पानांची सक्युलंट, एखाद्या दुकानातल्या मिठाईसारखी मांडलेली. विहीणबाईंनी किंमत सांगितली तेव्हा काकांनी उरलेला चहा एका घोटात संपवला.

घरी येताना ते काकूंना म्हणाले, "यात काय आहे? मी फुकटात करतो."

काकूंनी नुसती पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती.

फुकटात म्हणजे अगदीच फुकटात नाही. नर्सरीतून काकांनी एकच कुंडी आणली, सगळ्यांत छोटी. नर्सरीवाल्या बाईंनी सांगितलं, की पान हलक्या हाताने तोडा, दोन दिवस सुकू द्या आणि मातीवर नुसतं ठेवा, ते आपलं आपण मुळं धरतं. राहिला प्रश्न कुंड्यांचा. त्यांना तर काय तोटा! काम झालेले साचे परत न्यायला कुणी येत नसे, खोलीत खोकीच्या खोकी पडली होती. वरच्या जबड्याचा साचा दात आभाळाकडे करून ठेवला, की टाळूच्या जागी छान खळगा तयार होतो. मागच्या उघड्या बाजूला काकांनी प्लास्टरची छोटी भिंत बांधली, ड्रिलने तळाला भोक पाडलं, वाळू-माती भरली आणि वर पान ठेवलं. बारा जबडे फळीवर ओळीने मांडले. लांबून पाहिलं तर बारा माणसं छताकडे तोंड करून हसतायत असं वाटे.

पहिली खेप बुडाली. अगदी शब्दशः. दात घासतात तसं सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचं, असा काकांचा हिशेब होता. आठवड्यात पानांचं पिठलं झालं आणि कच्च्या प्लास्टरचा एक जबडा रात्रीतून भिजून ढासळला. दाढा फळीवरून घरंगळून सोफ्यात गेल्या. नर्सरीवाल्या बाई म्हणाल्या, "काका, ही रोपं उपाशी मरत नाहीत, लाडाने मरतात." मग काकांनी कडक प्लास्टरचे साचे निवडले आणि स्वतःच्या हाताला पंधरा दिवसांतून एकदाच पाणी घालायची शिस्त लावली. तीन महिन्यांत पानांना गुलाबी मुळं फुटली, मुळांजवळ बटणाएवढी फुलासारखी रोपं आली, आणि काकांना आपण मोठे कलावंत असल्याचा साक्षात्कार झाला.

तेव्हा त्यांनी मुलगी-जावयासह व्याही आणि विहीणबाईंना चहाला बोलावलं.

विहीणबाईंनी फळी पाहिली आणि जपून विचारलं, की लोकांची तोंडं अशी घरात ठेवायला काही वाटत नाही का. एवढं निमित्त पुरे होतं. काका उठले आणि पट्टी हातात घेऊन शिकवायला लागले. माणसाचा सगळा स्वभाव जबड्यात उतरतो, असं त्यांचं म्हणणं. चौथ्या साच्यापाशी ते रंगात आले. पुढचा एक दात गायब, म्हणजे गृहस्थ भांडकुदळ, कुणाचा तरी गुद्दा खाल्लेला. डावीकडची दाढ तुटकी, ती वर्षानुवर्षं तशीच ठेवलेली, म्हणजे पक्का कंजूष. आणि चावतो एकाच बाजूने, म्हणजे हट्टी.

"बायको कशी नांदत असेल देव जाणे," असं म्हणून काका स्वतःच हसले.

विहीणबाईंनी हातातलं बिस्किट बशीत ठेवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. व्याही खिडकीबाहेर बघत होते. जावई मोबाइलमध्ये होता. काकांना वाटलं, मंडळी प्रभावित झाली.

चहानंतर व्याह्यांनी त्यांना गॅलरीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"तो चौथा माझा आहे," ते म्हणाले.

काकांना आधी कळलंच नाही. व्याह्यांनी शांतपणे खुलासा केला. गेल्या वर्षी पडदा लावताना ते स्टुलावरून पडले आणि पुढचा दात गेला. मुलाला सांगायची लाज वाटली, पुढे सुनेलाही. बायको तेवढी जाणून. गावभर बोभाटा नको म्हणून घरापासून लांबच्या दवाखान्यात गेले. दात आतल्या खोलीत कोण बनवतं, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. तुटकी दाढ मात्र त्यांनी लगेच ओळखली, चाळीस वर्षं जीभ तिच्यावरून फिरत होती.

लग्न ठरवताना काकांनीच घरी येऊन काकूंना सांगितलं होतं, की व्याह्यांचे दात बघा, सगळे अस्सल, मी एका नजरेत ओळखतो. म्हणजे बनवला कुणी हे न कळता स्वतःच्याच हातच्या दाताची तारीफ केली, आणि आता त्याच माणसाची त्याच्या तोंडावर अब्रू काढली. जीभ दातांच्या आत ठेवायची असते, हे दात बनवणाऱ्याला कुणी सांगायचं?

"माफ करा," एवढंच त्यांना सुचलं.

"गुद्दा कुणी मारला नाही," व्याही म्हणाले. "कंजूष म्हणालात ते बरोबर आहे." मग त्यांनी विचारलं, "त्या रोपांना पाणी किती घालता? आमच्या काचेतली सगळी कुजली."

जाताना चौथा साचा वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी स्वतःच्या पिशवीत ठेवला. सुनेने विचारलं तेव्हा रोप आवडलं, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकांनी उरलेले साचे फळीवरून उतरवले. आता त्यांना प्रत्येकाखाली एक माणूस दिसायला लागला होता, डोळे मिटून, विश्वासाने आ करून बसलेला. त्यांनी दात कानशीने घासून साचे ओळखू येणार नाहीत असे सपाट केले, तर त्यांचे नुसते ओबडधोबड पेले झाले, कुणी ढुंकून पाहिलं नसतं. शेवटी डॉक्टरीणबाईंसमोर खुर्चीत बसून काकांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं माप दिलं. तीन दाढा नाहीत, एक किडलेली आणि पुढचे दात झिजलेले, वाकडे. बाई म्हणाल्या, की तुमच्यासारख्या माणसाने हे असं ठेवावं म्हणजे कमाल आहे. काकांनी तोंडात माप असल्यामुळे वाद घातला नाही.

त्या एका मापावरून त्यांनी अकरा साचे काढले आणि रोपं त्यांत हलवली. फळी पुन्हा भरली. काकू संध्याकाळी समोर येऊन उभ्या राहिल्या.

"आधी निदान वेगवेगळी माणसं होती," त्या म्हणाल्या. "आता जिकडे बघावं तिकडे तुम्हीच."

काकांनी टोकाचा एक जबडा खिडकीजवळ सरकवला. तिथे ऊन बरं येत होतं.