कानबाईचा रिव्हर्स

पोलीस कायद्यात विशेष पोलीस अधिकारी नेमण्याची तरतूद आहे, हे जळगावच्या दैनिकात इतकी वर्षे काढूनही मला नीट माहीत नव्हते. धडधाकट माणूस, वय अठरा ते पन्नास, लेखी आदेश, सही आणि शिक्का. मुदत संपेपर्यंत त्याला नेहमीच्या पोलिसाचे अधिकार. हे सगळे माझ्या मोठ्या भावांनी फोनवर वाचून दाखवले, दोनदा. भाऊ एसटीत कंडक्टर. तेव्हा ते एकोणपन्नास वर्षांचे होते.

आमचे गाव पारोळा तालुक्यातले. श्रावणात एका रविवारी घरोघर कानबाई बसते. सजवलेला नारळ, नथ, दागिने, रात्रभर जागरण. सोमवारी सकाळी पाटासकट डोक्यावर घेऊन तिला नदीला नेतात. त्या सोमवारी ठाण्यात माणसे कमी होती, म्हणून गावातून तिघांना एका दिवसाचा आदेश निघाला. भाऊंच्या वाट्याला दंडावरची पट्टी, काठी, शिट्टी आणि जुनी गल्ली आली.

जुनी गल्ली नदीला जाण्याचा जवळचा रस्ता. पाइपलाइनसाठी तिचे टोक खोदलेले होते आणि खड्ड्यावर दोन फळ्या टाकलेल्या होत्या. एकट्या माणसाला त्या पुरत. ढोल आणि नाचणाऱ्या बायांना पुरल्या नसत्या. जमादारांनी आदल्या दिवशी तासभर शिकवणी घेतली. तिच्यातल्या दोन गोष्टी भाऊंनी मनावर घेतल्या. पहिली, बाई कोणीही असो, ताई म्हणून बोलायचे. दुसरी, या गल्लीतून एकही कानबाई खड्ड्यापर्यंत गेली, तर आदेश तिथेच रद्द आणि गणपतीच्या बंदोबस्ताला नाव नाही. गणपतीचा बंदोबस्त दहा दिवसांचा असतो. भाऊंनी त्यासाठी खाकी रंगाचे बूट आधीच आणून ठेवले होते.

सकाळी पहिल्या दोन कानबाया त्यांनी चौकातूनच मोठ्या रस्त्याला लावल्या. मग ते पाणी प्यायला ओट्याकडे गेले आणि तेवढ्यात तिसरी गल्लीत शिरली. ती चाळीसेक पावले आत आल्यावर भाऊ आडवे आले. कानबाई आमची होती. पाट वहिनींच्या डोक्यावर होता. बंदोबस्ताला घरचा माणूस आहे म्हटल्यावर नेहमीचा रस्ता सोडायचे कोणाच्या मनातही आले नव्हते.

भाऊंनी शिट्टी वाजवली. ढोल थांबला. पट्टी बांधल्यापासून ते पुस्तकी मराठी बोलत होते.

"ताई, रस्ता बंद आहे. मागे वळा."

वहिनींनी पाट दोन्ही हातांनी धरला होता, त्यामुळे मान हलवता येत नव्हती. त्यांनी फक्त डोळे वर केले. "ताई कोन व्हई तुम्हनी?"

मागच्या बाया हसायला लागल्या. एका म्हातारीने विचारले, लग्नाला बावीस वर्षे झाली, हे नाते कधी बदलले. भाऊंनी खड्डा दाखवला. वहिनींना तो दिसत होता आणि त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती. अडचण वेगळी होती. आमच्या घराण्यात कानबाई एकदा उंबऱ्याबाहेर पडली, की नदी येईपर्यंत तिचे तोंड घराकडे फिरवत नाहीत. ही रीत सासूने वहिनींना लग्नाच्या वर्षीच सांगितली होती. आणि गल्ली इतकी सरळ होती, की मागे वळायचे म्हणजे थेट घराकडे तोंड.

"बठ्ठासले आडवा," म्हणजे बाकी सगळ्यांना अडवा, असे वहिनी म्हणाल्या. "हाई आपली शे."

नेमकी तीच अडचण होती. चौकात आणखी दोन कानबाया येऊन थांबल्या होत्या. त्यांच्या बाया टाचा उंचावून पाहत होत्या, की साहेब घरच्यांना सोडतात का.

भाऊंनी काठी बगलेत मारली, मिरवणुकीच्या कडेकडेने मागे गेले आणि सगळ्यांच्या पाठीमागे पाइपवाल्यांचा लोखंडी पिंप पडले होते, त्याच्याजवळ उभे राहिले. अरुंद स्टँडवर गाडी मागे घ्यायची असते तेव्हा कंडक्टर खाली उतरतो आणि पत्रा ठोकत राहतो. भाऊंनी पिंप ठोकायला सुरुवात केली. पुस्तकी मराठी गेली.

"येऊ द्या, येऊ द्या. आखो येऊ द्या. तोंड फिरवू नका."

बायांना समजायला वेळ लागला नाही. त्या सगळ्या आयुष्यभर एसटीने हिंडलेल्या. ढोलवाले उलटे चालू लागले, फुगडीवाल्या उलट्या, शेवटी वहिनी. कानबाईचे तोंड नदीकडे आणि पावले मागे. एका वळचणीपाशी भाऊंनी डावीकडे घ्यायला लावले, चौकात जोरात एक ठोका दिला. मिरवणूक जागच्या जागी थांबली.

तिथे जमादार मोटारसायकलवर बसून पाहत होते. हे काय चालले आहे, असे त्यांनी विचारले.

"रिव्हर्स आहे, साहेब," भाऊ म्हणाले.

जमादारांनी मोटारसायकल बाजूला घेतली. वहिनी तिरप्या होऊन मोठ्या रस्त्याला लागल्या. घराकडे तोंड झाले नाही, खड्ड्यापर्यंत कोणी गेले नाही. गणपतीचे दहाही दिवस भाऊंना मिळाले. वहिनींनी मात्र दिवाळीपर्यंत त्यांना चहा देताना "घ्या, दादा" म्हटले.

पुढच्या श्रावणात मी गावी होतो. भाऊंची पन्नास वर्षे पूर्ण झाली होती, म्हणजे कायद्याने विषय संपला होता. पट्टी आणि शिट्टी ठाण्यात जमा होती. जुन्या गल्लीत काँक्रीट झाले होते आणि रस्ता नदीपर्यंत मोकळा होता. आमची कानबाई आत शिरली, चाळीसेक पावले गेली आणि थांबली. मला वाटले कोणाचा पाय मुरगळला. तसे काही नव्हते. बायांनी मागच्या वर्षी जे केले ते या वर्षीही करायचे ठरवले होते. मागून येणारी शेजाऱ्यांची कानबाईही आमच्या पाठोपाठ थांबली. त्यांच्या घराण्यात तोंडाची ती रीत कधीच नव्हती.

भाऊ साध्या सदऱ्यात, हातात प्रसादाचा पितळी डबा घेऊन दोन्ही मिरवणुकींच्या शेवटी चालत होते. वहिनींनी मान न हलवता आवाज दिला.

"ओ साहेब, ठोका ना."

अधिकार संपला आहे, असे भाऊ मला हळूच म्हणाले. मग त्यांनी मागे कोणी नाही ना ते पाहिले आणि डब्यावर बोटे वाजवायला सुरुवात केली.

"येऊ द्या, ताई."