पक्क्या रंगातलं मालेगाव

कळवणच्या स्टँडसमोरच्या भिंतीवर निवडणुका रंगवणारा एक पेंटर होता. मी नव्वदच्या दशकापासून तिथल्या शाळेत मास्तर, त्यामुळे तो सारखा दिसायचा. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

'मालेगाव लोकसभा मतदारसंघ' ही ओळ त्याने ऑइलपेंटने, एक डोळा मिटून, जीव ओतून रंगवली होती. उमेदवाराचं नाव मात्र दर निवडणुकीला गेरूत, विडी ओढता ओढता. पक्ष कुठलाही असो. निकाल लागला की नावावर चुन्याचा एक हात, भिंत पुढच्यासाठी तयार.

"असं का?" मी एकदा विचारलं.

"उमेदवाराचं काय गुरुजी, आज हाय, उद्या नाय. मतदारसंघ कुठं जातोय? एकदाच रंगवायचा, पक्का."

गेलाच. २००९च्या निवडणुकीआधी पुनर्रचना झाली, मालेगाव मतदारसंघ कागदावरून उडाला आणि आम्ही जागचे न हलता दिंडोरीत जाऊन पडलो. आम्हाला कुणी विचारलं नाही. मतदार म्हणून तेवढी सवय होतीच.

पेंटर तेवढा कामाला लागला. तीन वेळा चुना मारला, पण वाळला की पापुद्रे सुटायचे आणि मालेगाव परत हजर. शेवटी त्याने ब्रश बादलीत टाकला.

"दिल्लीवाल्यांनी एका सहीत पुसलं, गुरुजी, मला तीन बादल्यांत जमंना. लय पक्कं काम झालं माझं!"

मग शेजारच्या भिंतीवर त्याने 'दिंडोरी लोकसभा मतदारसंघ' लिहिलं. गेरूत, विडी ओढता ओढता.