सातबाऱ्यावरचं नाव

लालबागच्या मसाला गल्लीत मिरच्यांचे देठ खुडत सुचित्रा परबने अठ्ठावीस वर्षं काढली. बाई कामाला वाघ, पण सरकारी कागद पाहिला की ती चार हात लांब पळते. त्याला कारण आहे. नवरा गेला त्याच महिन्यात रेशन कचेरीतल्या कारकुनाने तिच्यासमोर कार्डावरच्या ‘शिवराम’ या नावावर लाल रेघ ओढली आणि पुन्हा चहाचा कप तोंडाला लावला. घरी येऊन ती दोन दिवस जेवली नाही.

गावच्या सातबाऱ्यावरचं नाव कुणाला खोडू द्यायचं नाही, हे तिने तेव्हाच ठरवलं. वारस म्हणून आपलं आणि मुलीचं नाव लावून घ्यायला हवं, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण सात वर्षं तिने चालढकल केली. मुलगी रुपाली वैतागायची, "अगं आई, एक अर्ज तर द्यायचाय!" सुचित्रा ऐकून न ऐकल्यासारखं करायची. जमिनीच्या कागदावर तरी नवरा नांदतोय, एवढंच तिला हवं होतं. वेडेपणाच तो, पण त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते यंदा. गावी परबांचा डोंगरउतार आहे, सगळ्या भाऊबंदांचा सामाईक. त्यावर आजेसासऱ्यांच्या वेळची ऐन-किंजळीची झाडं. शिवराम गावी गेला की आधी ती झाडं बघून यायचा, मग घरात पाऊल टाकायचा. सरकारने योजना काढली, की खासगी जमिनीवरची जुनी झाडं दहा वर्षं राखली तर मालकांना दरवर्षी अनुदान मिळेल. अट एवढीच, सातबाऱ्यावरच्या प्रत्येकाची सही हवी. सुचित्राला केवढं हायसं वाटलं! एक लाकूडवाला कंत्राटदार दोन वर्षं त्या झाडांवर डोळा ठेवून होता, तो आता हात हलवत परत जाणार होता. गुडघेदुखी विसरून तिने वडाळा, अँटॉप हिल, रे रोड पालथं घातलं आणि मुंबईतल्या भाऊबंदांच्या सह्या गोळा केल्या. गावच्या घरात राहणाऱ्या राजेशनेही, तिच्या चुलत दिराने, लगेच सही दिली.

अर्ज परत आला. शिवराम परब यांची सही नाही; मयत असल्यास आधी वारसनोंद करावी.

आता इलाज नव्हता. तिने रुपालीकडून वारसनोंदीचा अर्ज भरून घेतला आणि पोटभर रडली. मग नोटीस निघाली, तिची मुदत लागली, नंतर साहेब रजेवर गेले. नोंद व्हायच्या आधीच योजनेची शेवटची तारीख उलटून गेली.

"वयनी, आता किती थांबूचा? लोकां कंटाळली," राजेशचा फोन आला.

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू रे. पण माझ्या सहीशिवाय झाडाला हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

"नाय गे वयनी," तो म्हणाला.

दिवाळीनंतर ती गावी गेली. उतारावर नुसते बुंधे होते. कापलेल्या लाकडाचा ओला वास अजून येत होता. राजेशने घरातून कंत्राटदाराला दिलेला झाडतोडीच्या संमतीचा कागद आणून तिच्यापुढे धरला.

"सगळ्यांच्यो सह्यो आसत," तो पुटपुटला.

तिने बोट फिरवत एकेक नाव वाचलं. तिचं नाव नव्हतं, कारण नोंद अजून व्हायचीच होती. तिथे शिवराम भिकाजी परब होता. चौथी शिकलेला तिचा नवरा अक्षर न् अक्षर कोरून सही करायचा. ही सही एका झटक्यात मारलेली होती.

"ही कोणी केली?"

राजेशने मान वर केली नाही. "नाव होताच ना वयनी अजून सातबाऱ्यावर. तुया कमी केलंस खय?"

तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण हात उचलला गेला नाही. सात वर्षं तिने ज्याला कागदावर जिवंत ठेवलं होतं, त्याच्याच नावाने त्याची झाडं तोडली गेली होती. ती जवळच्या बुंध्यावर बसली आणि त्याच्या मरणाच्या दिवशी रडली नव्हती इतकी रडली.