आधी बूट द्या
परवा नातीला लस टोचताना स्पिरिटचा वास आला आणि कळमन्यापलीकडची संत्र्याची बाग आठवली. आई तिथे तण निंदायला जायची. मी अनवाणी, नखं पांढरीफटक, पोटात जंत. शहरातून आलेले डॉक्टर माझ्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवत म्हणाले, “जंतांवरची ही लस कुत्र्यांना लागू पडली. आता माणसांवर पाहायची आहे.” आईनं खुरपं खाली ठेवलं. “पहिले तुमच्या पोरीले द्या, मंग माह्या.” “तिला गरज नाही, बाई. जंत मातीतून तळपायात शिरतात, आणि ती बुटांशिवाय बाहेर पडत नाही.” आईनं माझा दंड सोडवून घेतला. “मंग हिलेबी बूटच द्या ना जी, सुई कायले?” डॉक्टरांनी सुई परत पेटीत ठेवली. माणसांसाठी ती लस अजून निघालेली नाही. मी मात्र घरातही अनवाणी चालत नाही.