चाळीस अंडी

जानेवारी २००४, सहाशे पौंड, आणि लंडनमधल्या हाउन्सलोच्या आमच्या किचनमध्ये हेमंत, मी आणि बायको मीना. काल मीनाने नारळाच्या दुधात भात शिजवला आणि त्या वासाने सगळं पुन्हा आठवलं.

कॉलेजात माझ्याच खोलीत राहिलेला हेमंत केनियात व्हॉलंटिअर पाठवायचा. "खाण्याराहण्याचे पैसे आम्ही घरमालकिणीला आधीच देतो," तो म्हणाला. मी सहाशे पौंड त्याला दिले. मीनाने पावती मागितली, तेव्हा मीच तिला गप्प केलं.

समुद्राकाठच्या त्या गावात मी दोन महिने शाळेत गणित शिकवलं. बादलीभर पाण्यात अंघोळ, मच्छरदाणीतली झोप, सगळं अंगवळणी पडलं. रात्री नारळाच्या दुधातला भात असे, नाश्त्याला मात्र नुसता चहा-पाव. तिसऱ्या आठवड्यात मी घरमालकीण सलमाबाईंना सुनावलं, "रोज एक अंडं तरी द्या. पैसे भरलेत मी." दुसऱ्या दिवसापासून अंडं आलं.

निघायच्या सकाळी शेजारीण दारात उभी राहिली. "चाळीस अंडी उधार झाली, सलमा. पाहुणा चाललाय, आता तरी पैसे दे."

"हेमंतने तुम्हाला पैसे दिले नाहीत?" मी विचारलं.

"कसले पैसे?" सलमाबाई गोंधळल्या. "पाहुण्याचे कोणी पैसे घेतं का?"

हीथ्रोवर उतरताच मी हेमंतला फोन केला. तो हसला. "अरे, ॲडमिनचा खर्च असतो रे!"

तेव्हा फक्त त्याचा संताप आला होता. आता माझाच तो सुनावणारा आवाज जास्त टोचतो. सहाशेतलं काहीच परत आलं नाही. सलमाबाईंनी एक शिलिंगही घेतला नाही. मी पैसे दिले ते फक्त चाळीस अंड्यांचे, त्या शेजारणीला.